डोळ्यालाही धाप लागते

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२००६ सालचा उन्हाळा होता. भारनियमन जोरात होतं आणि संध्याकाळी तासन्‌तास वीज नसायची. त्या दिवसांत माझ्या दवाखान्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या. वय सहासष्ट. आयुष्यभर भूमिती शिकवलेली, त्यामुळे तक्रारही नेमकी. म्हणाल्या, "डॉक्टर, लाइट गेले की सुनेला थोड्या वेळात कपाट, खाट, दार दिसायला लागतं. मला पुष्कळ वेळ काहीच दिसत नाही. मी आपली आहे तिथे बसून राहते. दिवसा मात्र काही म्हणजे काही त्रास नाही."

मी तपासलं. चष्म्याचा नंबर तोच होता. मोतीबिंदू नुकता धरू लागलेला, काढावा असा नव्हता. थेंब घालून बाहुली मोठी केली, आतला पडदा पाहिला, तर मध्यभागी चार-दोन पिवळसर ठिपके. या वयात ते अनेकांना असतात. "वय झालं आता बाई," असं म्हणून मी त्यांना घरी पाठवलं. उशाशी विजेरी ठेवा, असंही सांगितलं. सल्ला वाईट नव्हता, पण अपुरा होता. बाई तीन वर्षांनी पुन्हा आल्या, ती हकिगत पुढे सांगतो. आधी त्यांची तक्रार नीट समजून घेऊ.

आपल्याला वाटतं की उजेडात डोळा काम करतो आणि अंधारात विसावा घेतो. पडद्याच्या बाबतीत हे जवळजवळ उलटं आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, अंधारात जास्त मेहनत पडते.

हा पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. त्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. भरउजेडात आणि रंग पाहण्यासाठी शंकुपेशी, त्या काही लाख. मंद उजेडासाठी दंडपेशी, त्या नऊ-दहा कोटींच्या घरात. अंधारात या दंडपेशींची दारं उघडी असतात आणि त्यांतून सोडियमचे कण सतत आत येत राहतात. आत आलेलं सोडियम बाहेर फेकायला पेशीत पंप असतात. गळक्या होडीत बसलेला माणूस जसा सारखा पाणी उपसत असतो, तशी ही पेशी अंधारात उपसा करत बसते. प्रकाश पडला की दारं मिटतात आणि उपसा कमी होतो. दारं मिटणं हाच पेशीचा "प्रकाश आला" हा निरोप. निसर्गाने ही उफराटी रचना का केली असावी, हा प्रश्न मला विद्यार्थिदशेपासून पडलेला आहे. आहे ती अशी आहे.

उपशाला ऊर्जा लागते आणि ऊर्जेला ऑक्सिजन. वजनाच्या मानाने पाहिलं तर शरीरातल्या सर्वांत जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या ऊतींमध्ये दृष्टिपटलाचा नंबर लागतो. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले रॉबर्ट लिन्सेनमायर यांनी १९८० च्या दशकात केसाहून बारीक टोकाच्या सुया वापरून मांजराच्या पडद्यात थराथरावर ऑक्सिजन मोजला. उजेडात प्रकाशपेशींचा ऑक्सिजनचा खप अंधारातल्या खपाच्या जवळपास निम्म्यावर येतो, असं त्यांना दिसलं. अंधारात मात्र या पेशींच्या थरात एका पातळीवर ऑक्सिजन जवळजवळ शून्यापर्यंत उतरतो. म्हणजे तरुण, निरोगी डोळ्यातही रात्री शिल्लक अशी राहत नाही. रोजची मिळकत रोज खर्च, अशातला प्रकार.

या मिळकतीच्या वाटा दोन. पडद्याच्या आतल्या थरांना त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या रक्त पुरवतात. डॉक्टर विजेरीने डोळ्यात डोकावतो तेव्हा त्याला दिसणारं लाल जाळं ते हेच. प्रकाशपेशींचा बाहेरचा थर मात्र पडद्याच्या मागे असलेल्या रंजितपटलावर अवलंबून असतो. हे रंजितपटल म्हणजे रक्तवाहिन्यांची गच्च गादी. डोळ्याला मिळणाऱ्या रक्तातलं ऐंशी टक्क्यांहून अधिक रक्त या गादीतून खळाळत जातं. आणि पडद्याचा अगदी मधला बिंदू, ज्याने आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, समोरच्याचा चेहरा ओळखतो, तिथे आतल्या रक्तवाहिन्या नसतातच. त्या प्रकाशाच्या वाटेत येऊ नयेत म्हणून ती जागा मोकळी ठेवलेली आहे. तेव्हा दृष्टीचा सगळ्यांत मोलाचा भाग केवळ मागच्या वाटेवर जगतो.

मागची ही वाट वयानुसार अरुंद होते. रंजितपटल आणि प्रकाशपेशी यांच्यामध्ये एक पातळ चाळणीसारखा थर असतो, ब्रूखचा पापुद्रा. लहानपणी तो सुमारे दोन मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नव्वदीपर्यंत त्याची जाडी दुपटीहून अधिक होते. शिवाय त्यात स्निग्ध पदार्थांची पुटं चढतात. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या जाळीवर तेलकट काजळी बसते, तसंच काहीसं. त्यामागच्या केशवाहिन्याही बारीक आणि विरळ होत जातात. माझ्या बाईंच्या पडद्यावरचे पिवळसर ठिपके म्हणजे याच ठिकाणी साचलेला गाळ. ड्रुझेन म्हणतात त्याला.

ही चणचण सर्वांत आधी सोसतात त्या दंडपेशी. अमेरिकेतल्या क्रिस्टीन कर्सिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर दान केलेल्या डोळ्यांमधल्या पेशी अक्षरशः मोजल्या. १९९३ साली त्यांनी दाखवून दिलं की म्हातारपणापर्यंत पडद्याच्या मध्यभागातल्या सुमारे तीस टक्के दंडपेशी नाहीशा होतात. शंकुपेशींची संख्या मात्र बरीचशी टिकून राहते. दिवसा शंकुपेशी काम करतात, त्यामुळे दिवसा तक्रार नसते. दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता भरउजेडात वाचायचा असतो, म्हणून त्यातही काही पकडलं जात नाही. बाईंनी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता.

इथे एक खुलासा करायला हवा. अंधाराला डोळा सरावायला लागणारा वेळ केवळ ऑक्सिजनवर ठरत नाही. उजेडात खर्ची पडलेलं रंगद्रव्य दंडपेशीला पुन्हा तयार करावं लागतं, त्यासाठी अ जीवनसत्त्व लागतं, आणि तेही रक्तातून याच पापुद्र्यामधून यावं लागतं. चाळणी बुजली की दोन्हींची आवक मंदावते. लहान मुलांचा रातांधळेपणा अ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. बाईंच्या रक्तात ते जीवनसत्त्व पुरेसं होतं, पण दारापर्यंत येऊन अडलेलं होतं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात साठीपुढच्या, धडधाकट डोळ्यांच्या माणसांवर झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली आले. ज्यांचे डोळे अंधाराला उशिरा सरावत होते, त्यांच्यात पुढच्या तीन वर्षांत पीतबिंदूच्या झिजेची सुरुवात होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. २००६ मध्ये मला हे ठाऊक असणं शक्य नव्हतं, पण या म्हणण्यामागे मी फार काळ लपू शकत नाही. कारण पुढची गोष्ट मला तेव्हाही ठाऊक होती.

ऑक्सिजन कमी पडू लागला की पेशी गप्प बसत नाहीत. त्या हाकाटी करतात. १९४८ साली ग्लासगोचे आयझॅक मायकेलसन यांनी तर्क मांडला की गुदमरलेला पडदा कसलासा द्रव पदार्थ सोडत असावा आणि त्याच्या हाकेने नव्या रक्तवाहिन्या फुटत असाव्यात. हा पदार्थ कोणी पाहिला नव्हता, म्हणून पुढे त्याला 'घटक एक्स' असं नाव पडलं. त्याच काळात हा तर्क तपासून पाहण्याची वेळ अतिशय दुःखद रीतीने आली.

१९४२ साली बॉस्टनचे डॉक्टर थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये नवाच आंधळेपणा पाहिला. भिंगाच्या मागे पांढुरका पडदा. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे दहा हजार मुलं याने आंधळी झाली, आणि त्यातली बहुसंख्य श्रीमंत, प्रगत देशांत, उत्तम रुग्णालयांत. कारण सापडेना. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी १९५१ मध्ये बोट दाखवलं ते थेट ऑक्सिजनकडे. जिथे काचेच्या पेटीत तो सढळ हाताने सोडला जात होता, तिथे आंधळी मुलं जास्त होती. वॉशिंग्टनमध्ये अर्नाल पॅट्झ यांनी बाळांचे दोन गट करून हे पडताळायचं ठरवलं. एका गटाला भरपूर ऑक्सिजन, दुसऱ्याला गरजेपुरता. तिथल्या काही परिचारिकांना हे इतकं निर्दय वाटलं की रात्री त्या गुपचूप दुसऱ्या गटातल्या बाळांचा ऑक्सिजन वाढवून ठेवत. त्यांच्या मनात माया होती आणि त्या मायेने बाळांचे डोळे धोक्यात येत होते. शेवटी अठरा रुग्णालयांनी एकत्र येऊन चाचणी केली आणि १९५४ मध्ये निकाल लागला. दोष अमर्याद ऑक्सिजनचाच होता.

लंडनच्या नॉर्मन अ‍ॅश्टन यांनी मांजराच्या पिलांवर प्रयोग करून त्याचा उलगडा केला. गर्भात ऑक्सिजन कमीच असतो, आणि त्या कमतरतेच्या हाकेनेच पडद्यावर रक्तवाहिन्या हळूहळू कडेपर्यंत पसरतात. आठव्या महिन्याच्या आधीच जन्मलेल्या बाळाच्या रक्तवाहिन्या अर्ध्या वाटेवर असतात. त्याला भरपूर ऑक्सिजन दिला की हाक थांबते, वाहिन्यांची वाढ खुंटते, कोवळ्या वाहिन्या मिटून जातात. मग बाळ पेटीतून साध्या हवेत आलं की कडेचा पडदा गुदमरतो, टाहो फोडतो, आणि रानटी वेलींसारख्या वाहिन्या फुटून पडदाच ओढून काढतात.

मग ऑक्सिजन कमी करून टाकला. आंधळी मुलं कमी झाली, पण बाळं दगावू लागली. ब्रिटनच्या केनेथ क्रॉस यांनी १९७३ मध्ये हिशेब मांडला, की एका बाळाची दृष्टी वाचवताना सुमारे सोळा बाळं गेली असावीत. हा अंदाज होता, पण अंगावर काटा आणणारा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीतही तेच कोडं पुन्हा समोर आलं. रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी थोडी खाली ठेवली तर डोळे जास्त वाचले, जीव कमी वाचले. आज काट्यावर मोजून मधली पातळी राखतात आणि उरलेलं काम नेत्रतपासणीवर सोपवतात. २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या आजाराचा समावेश आहे. तुमच्या घरी चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोहून कमी वजनाचं बाळ जन्मलं असेल, तर तीस दिवसांच्या आत त्याचा पडदा तपासून घ्या. बाळ चांगलं दूध पितंय, टकमक बघतंय, यावर विसंबू नका. ही मुदत टळल्यावर आलेली बाळं मी पाहिली आहेत. तेव्हा आईबापांना काय सांगावं, हे मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही.

'घटक एक्स' चार दशकांनी हाती लागला. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी रक्तवाहिन्या वाढवणारं एक प्रथिन कॅलिफोर्नियात वेगळं केलं. १९९४ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांना तेच प्रथिन मधुमेहींच्या डोळ्यांतल्या द्रवात सापडलं. पेशीला ऑक्सिजन कमी पडल्याचं कळतं कसं, ही त्याच्याही मागची यंत्रणा उलगडणाऱ्या कॅलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल पारितोषिक मिळालं. हे प्रथिन बांधून ठेवणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ साली आतड्याच्या कर्करोगासाठी आलं होतं. मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी २००५ मध्ये त्याचा थेंबभर अंश डोळ्यात टोचून पाहिला. २००६ मध्ये खास डोळ्यासाठी बनवलेलं रॅनिबिझुमॅब आलं. तेव्हा अमेरिकेत पहिल्याची मात्रा पन्नास डॉलरच्या आसपास होती, दुसऱ्याची दोन हजारांच्या. २०११ च्या तुलनात्मक चाचणीत दोघांचा गुण जवळपास सारखाच निघाला, ही बातमी वाचून मी दवाखान्यात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

मधुमेहाचं गणित याच जातीचं आहे, फक्त टंचाई समोरच्या वाटेवरची. जास्तीच्या साखरेने पडद्याच्या आतल्या केशवाहिन्या बुजतात, पडदा गुदमरतो, नाजूक वाहिन्या फुटतात आणि रक्तस्राव होतो. यावर १९७० च्या दशकापासून लेझर वापरतात. पडद्याच्या कडेला बाराशे ते सोळाशे बारीक डाग भाजायचे. पेशंट विचारतात, "डॉक्टर, पडदा वाचवायला पडदाच जाळायचा?" हो. दृष्टी पार जाण्याचा धोका त्याने निम्म्याहून कमी होतो, हे १९७६ मध्येच सिद्ध झालं होतं. का होतो, याचं उत्तर आइसलंडचे आइनार स्टेफान्सॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ऑक्सिजन मोजून दिलं. डागांच्या जागी ऑक्सिजन पिणाऱ्या दंडपेशी मरतात, आणि मागच्या गादीतला ऑक्सिजन त्या फटींतून आतल्या उपाशी थरांपर्यंत पोचतो. घरातली खाणारी तोंडं कमी करण्याचाच हा प्रकार. लेझरनंतर रात्री थोडं कमी दिसतं, ते यामुळेच.

मग अंधारातली मेहनतच टाळली तर? लंडनच्या जेफ्री आर्डेन यांना ही कल्पना सुचली. जन्मजात दोषाने ज्यांच्या दंडपेशी मेलेल्या असतात, त्यांना मधुमेह झाला तरी पडद्याचा आजार सहसा होत नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. मधुमेह्याने झोपताना डोळ्यांवर मंद उजेडाचा मुखवटा घातला, तर दंडपेशी रात्रभर निवांत राहतील. किती सुंदर विचार! मला स्वतःला तो फार पटला होता. ब्रिटनमधल्या पंधरा केंद्रांत तीनशेहून अधिक रुग्णांवर दोन वर्षं चाचणी झाली. २०१८ मध्ये निष्कर्ष आला की काही उपयोग नाही. मुखवटा घालून झोपायचा अनेकांना कंटाळा यायचा, हेही खरं, पण नियमाने घालणाऱ्यांनाही फायदा दिसला नाही. अलीकडे गडद तांबड्या प्रकाशाची चर्चा आहे. लंडनच्या ग्लेन जेफ्री यांनी २०२० मध्ये चोवीस निरोगी माणसांना रोज तीन मिनिटं असा प्रकाश दिला आणि चाळिशीपुढच्यांची रंगांमधला फरक ओळखण्याची क्षमता वाढल्याचं नोंदवलं. कुतूहलाची गोष्ट आहे. पण चोवीस माणसं म्हणजे चोवीसच. तेवढ्यावर बाजारातली तांबडी विजेरी घेऊन डोळ्यात मारू नका. "मग घरी ऑक्सिजनचं सिलिंडर लावू का?" असंही मला विचारतात. त्याचं उत्तर काचेच्या पेटीतल्या बाळांनी देऊन ठेवलं आहे. विडी-सिगारेट सोडणं मात्र खात्रीचं आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो, आणि धूम्रपानाने पीतबिंदूच्या झिजेचा धोका वाढतो हे वारंवार दिसून आलं आहे.

आता बाईंची राहिलेली हकिगत. २००९ मध्ये त्या आल्या तेव्हा डाव्या डोळ्याच्या मधोमध राखाडी डाग होता. पापुद्रा फोडून मागच्या गादीतल्या वाहिन्या आत शिरल्या होत्या आणि पाझरत होत्या. ही झीज 'ओल्या' प्रकारची झाली होती. या आजारात ऑक्सिजनची टंचाई हे एकटंच कारण नाही. दाहाचा आणि आनुवंशिकतेचाही मोठा वाटा आहे, एक महत्त्वाचं जनुक २००५ मध्ये सापडलंही आहे. पण हाक मारणारं प्रथिन तेच आणि औषधही तेच. बाई म्हणाल्या, "चार महिन्यांपासून दाराची चौकट वाकडी दिसत होती. वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. शिवाय तुम्हीच म्हणाला होतात, वय झालं."

पुण्याला पाठवून त्यांना इंजेक्शनं दिली. पाझर थांबला, पण चार महिन्यांत व्रण धरला होता. त्या डोळ्याने त्यांना पुन्हा वाचता आलं नाही. ठिपके असलेल्या माणसाने एकेक डोळा झाकून सरळ रेषा पाहत राहावं आणि रेषा वाकली तर त्याच आठवड्यात यावं, हे २००६ मध्येही पाठ्यपुस्तकात होतं. मी ते त्यांना सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं, माफीही मागितली. त्या म्हणाल्या, "सरळ रेषा कशी असते ते मला शिकवू नका. कधी बघायची ते सांगा."

तेव्हापासून रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्या खिडकीच्या गजांकडे बघायच्या. आधी डावा डोळा झाकून, मग उजवा. २०१३ च्या पावसाळ्यात एका मंगळवारी सकाळी साडेसातला त्यांचा फोन आला. "उजव्या डोळ्याने तिसरा गज वाकलेला दिसतोय. कालपर्यंत सरळ होता." गुरुवारी त्यांना पहिलं इंजेक्शन मिळालं. त्या डोळ्याने त्या अजून वर्तमानपत्र वाचतात.